बीम तिरपा करत नाहीत

सुरतेत उधन्याच्या माझ्या गॅरेजात तेव्हा यायचे ते मालाचे टेम्पो, रिक्षा आणि किक मारून मारून मालकाचा गुडघा गेलेल्या स्कूटरी. त्यामुळे एका सकाळी टेम्पोच्या मागे दोर बांधून एक क्रीम रंगाची, लांब नाकाची, दोनच सीटांची विलायती गाडी ओढत आणली गेली, तेव्हा समोरचा चहावाला गाळणी हातात घेऊनच रस्त्यात आला. गाडी इतकी बुटकी होती की तिच्या स्टिअरिंगवर बसलेले डॉक्टरसाहेब आम्हाला वरून दिसत होते, नुसतं टक्कल आणि चष्मा.

डॉक्टरसाहेब नानपुऱ्याचे, पक्के सुरती. ही गाडी त्यांच्या मामाची. मामा आफ्रिकेहून परतले ते ही गाडी जहाजावर घालूनच. मामा गेले आणि गाडी बंगल्याच्या मागच्या पडवीत वर्षानुवर्षं उभी राहिली. इंजिन जाम, गिअरबॉक्स जाम, सीटांमध्ये उंदरांचा संसार. दोन मोठ्या गॅरेजांनी हात वर केले होते. माझ्याकडे ती आली कारण मी त्यांच्या स्कूटरचं काम करत होतो आणि ‘नाही’ हा शब्द मला तेव्हा नीट उच्चारता येत नव्हता.

“जल्दी नथी, भाई,” डॉक्टर म्हणाले. “निरांते करो.”

सुरती माणसाने ‘निरांते’, म्हणजे सवडीने, म्हटलं की ते तो मनापासून म्हणतो. मी मनापासूनच ऐकलं. पावसाळाभर आणि दिवाळीनंतरही त्या गाडीचं काम फावल्या वेळात चाललं. इंजिन इतकं गंजलं होतं की ते जाग्यावरच खोलून तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढावं लागलं. ब्लॉक सचिन गावातल्या एका वर्कशॉपात बोअर करून आणला. गिअरबॉक्स मीच उघडला, मीच बसवला. डिसेंबर संपता संपता दोन्ही वस्तू गोणपाटावर शेजारीशेजारी तयार उभ्या होत्या आणि गाडीच्या बोनेटखाली नुसता खड्डा होता. आता फक्त हे त्या खड्ड्यात उतरवायचं होतं.

पण त्या डिसेंबरात माझं अर्धं लक्ष गाडीत नव्हतंच. ते आमच्या घरात, भिंतीवरच्या एका खिळ्यावर होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, दोंडाईचाजवळच्या गावातून तरुणपणी सुरतेला आले आणि जन्मभर कडोदऱ्याच्या एका कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा तो जॉबर. शेकडो मागांच्या खडखडाटात आयुष्य काढल्यावर कानांचं जे होतं तेच त्यांच्या कानांचं झालं. तोंडासमोर उभं राहून बोललं तर ओठांवरून त्यांना सगळं कळायचं. मागवाल्यांना ती विद्या येतेच, नाहीतर दिवसभर कोणाशी बोलणार? पण मालकाच्या तरुण मुलाने एके दिवशी मागून हाका मारल्या, आबांनी ओ दिली नाही, आणि त्याने ठरवलं की ऐकू न येणारा जॉबर धोक्याचा. शाल, नारळ दिला आणि घरी पाठवलं.

घर गॅरेजच्या मागेच. आई जाऊन काही वर्षं झाली होती. कारखाना सुटल्यापासून आबा रोज सकाळी दाढी करून, टोपी घालून गॅरेजच्या दारात स्टुलावर येऊन बसायचे. संक्रांत जवळ आली तसं त्यांनी जाहीर केलं की उत्तरायण झालं की ते गावी जाणार.

“थोडे दिवस जाऊन या,” मी म्हणालो.

“थोडा दिन नही. जासूच.” आबांची अहिराणी नेहमीच मोठ्या आवाजात, समोरच्या चहावाल्यालाही बातमी कळली. “आते मनं आठे काय काम शे?”

इथे आता आपलं काय काम, हे आबांच्या तोंडून ऐकून मला हसू आलं आधी. प्लेगच्या वेळी सगळं सुरत उठून पळालं, मीसुद्धा बायकोला घेऊन गावी गेलो, तेव्हा हा माणूस कुलपं सांभाळत एकटा इथे राहिला होता. प्लेगाला न घाबरलेला माणूस आता पळणार? पण दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा आरसा दिसेना. दाढीचा तो हातभर आरसा आबांनी सुरतेतली पहिली खोली घेतली तेव्हापासूनचा. खिळा तिथेच होता, आरसा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत गेला होता. चार दिवसांसाठी जाणारा माणूस आरसा नेत नाही. मग माझं हसणं बंद झालं. गावी घर होतं, पण त्या घरात कोणी नव्हतं. तिथे ते काय करणार, कोणाशी ओठांनी बोलणार, या विचाराने माझ्या हातातून पाने सुटू लागले.

बायकोने मात्र दुखणं बरोब्बर पकडलं.

“तुम्ही दिनभर त्यास्ले ‘बसा आबा, बसा आबा’ करतस,” ती म्हणाली. “बशी बशी मानूस कटाळस नही का?”

खरंच होतं ते. टायर उचलायला पुढे आले की बसा आबा. पाना शोधायला लागले की बसा आबा. म्हातारपणी बापाला काम करू देणं मला लाजिरवाणं वाटायचं. प्रेमाने म्हणत होतो आणि त्यांना दाराबाहेर ढकलत होतो.

म्हणून मी ठरवलं की इंजिन उतरवायचं ते उत्तरायणाच्या दिवशी आणि आबांच्या हाताखाली. उत्तरायण आणि दुसरा दिवस वासी उत्तरायण, दोन्ही दिवस सुरतेत माग बंद. आबांचे दोन जुने सोबती मोकळेच असणार होते. एक लिंबायतचे काका, मोठ्या पोटाचे. दुसरे कडोदऱ्याचे काका, काडीसारखे, पण उचलायला लागले की पोटवाल्यांनाही भारी. दोघांनीही आयुष्यभर आबांबरोबर बीम उचलले होते. बीम म्हणजे मागाच्या पाठीमागे बसतो तो ताण्याच्या सुताचा भलामोठा रूळ. चांगला वजनदार असतो. त्यांच्या मानाने इंजिन म्हणजे काय?

आबांची गाडी तिसऱ्या दिवशी सकाळची होती, भुसावळ पॅसेंजर. माझ्याकडे दोन दिवस होते.

उत्तरायणाच्या सकाळी आकाशात पतंग आणि गच्चीगच्चीवर लाऊडस्पीकर. काका मंडळी धुतलेल्या कपड्यांत, तिळगूळ खात आली. लिंबायतचे काका गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“दोनच सीटा? पोरेसोरे कोठे बसतीन?”

“डॉक्टरले पोरेसोरे नही ऱ्हातीन,” कडोदऱ्याचे काका म्हणाले.

“ऱ्हातीन, पन रिक्षामा येतीन मागून.”

असं बरंच झाल्यावर कामाला हात लागला. डॉक्टरांनी मला एका विलायती पुस्तकाची झेरॉक्स आणून दिली होती. त्यात चित्र होतं: इंजिन आणि गिअरबॉक्स आधी एकमेकांना बोल्टांनी जोडलेले, चेनकुप्पीला, म्हणजे वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीला, टांगलेले, शेपटीकडची बाजू पार खाली आणि तोंड वर. असंच तिरपं आत घालायचं, शेपूट गाडीच्या पोटात सरकवायची आणि मग हळूहळू सरळ करायचं. मी ते चित्र तिघांना दाखवलं. आबांनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग त्यांनी तो कागद मला परत दिला, नको असलेला पानसुपारीचा विडा परत देतात तसा.

आम्ही इंजिन आणि गिअरबॉक्स जोडले. छताच्या गर्डरला चेनकुप्पी बांधली, साखळी ओढली, सगळं धूड अधांतरी झालं. मी शेपटी खाली दाबली. ती लगेच वर आली. परत दाबली, परत वर. खाली वाकून पाहिलं तर कडोदऱ्याचे काका पलीकडून शेपटी खांद्यावर घेऊन उभे होते.

“काका, ती खाली जाऊ द्या.”

“वाकडं व्हयी ऱ्हायनं ना!”

“वाकडंच करायचंय.”

त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी नकारार्थी मान हलवली. आता मला सांगायला हवं की बीम उचलण्याचा एकच धर्म असतो: तो तिरपा होऊ द्यायचा नाही. दोघं दोन टोकांना असतात, दोघांचे खांदे एका रेषेत, एकाने पाय उचलला की दुसऱ्यानेही. तिरपा झाला की सुताचे थर एका बाजूला घसरतात, आणि मग तो अख्खा बीम वाया. तीस वर्षं ज्यांनी तो तोल खांद्यांत मुरवला, त्यांच्या खांद्यांना मी एका झेरॉक्सच्या जोरावर तिरपं व्हायला सांगत होतो. मी दाबायचो, ते न ठरवताच सरळ करायचे. इंजिन कधी गाडीच्या तोंडाला धडकायचं, कधी मागच्या पत्र्याला. बाहेर गच्चीवर “काइपो छे!” अशी पतंग कापल्याची आरोळी उठली की आम्ही सगळे वर बघायचो, एक आबा सोडून, कारण त्यांना ऐकूच येत नव्हतं.

शेवटी आबांनी साखळी हातात घेतली.

“बीम कोनी तिरपा करस का रे?”

मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिलो. “आबा, हाऊ बीम नही, इंजिन शे.”

“वजन ते वजन,” आबा म्हणाले. “सोड ते बोल्ट. आधी गिअरबॉक्स घाल. मंग इंजिन सरळ उतारसूत, बीमसारखं.”

तसं करता येत नव्हतं असं नाही. पण त्यात एक गोम होती. गिअरबॉक्समधून एक दांडा पुढे येतो, तो इंजिनला लावलेल्या क्लचप्लेटच्या मधल्या भोकात जायला हवा, आणि बोल्ट आवळेपर्यंत दोघांचंही वजन दोन्हीकडून तोलून धरावं लागतं. त्या दांड्यावर भार आला तर बिचारी क्लचप्लेट वाकते. हे मी सांगितलं. आबांनी ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि “धरसूत ना, आमीन कसाले शेत?” म्हणून बाह्या सरसावल्या. त्या बाह्या मी कारखाना सुटल्यापासून वर गेलेल्या पाहिल्या नव्हत्या. मी पुस्तकाची झेरॉक्स घडी करून खिशात टाकली आणि बोल्ट सोडायला लागलो.

आणि खरं सांगतो, तो दुपारचा खेळ बघण्यासारखा होता. गिअरबॉक्स खालून जॅकवर चढवून गाडीच्या पोटात गेला. वरून इंजिन उतरलं ते पाण्यात सोडलेल्या दिव्याइतकं शांत आणि सरळ. तिघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते. आबा दोन बोटं हलवायचे, लिंबायतचे काका साखळीची एक कडी सोडायचे. आबा हनुवटी वर करायचे, कडोदऱ्याचे काका पोटाशी धरलेलं इंजिन केसभर मागे रेटायचे. कारखान्यात तोंडाचा उपयोग नसतो, तिथे ही माणसं अशीच बोलत आली होती. त्या कल्लोळात, लाऊडस्पीकरांच्या गावात, तीन म्हाताऱ्यांची ती शांतता मला फार आवडली. दांडा प्लेटीत गेला, खट्ट झालं, आबांना ते ऐकू गेलं नाही पण हाताला कळलं. ते हसले.

वर साखळी आणि खाली जॅक होताच, म्हणून बोल्ट परतल्यावर आवळायचे ठरवून मी बॅटरी आणायला बाहेर पडलो. रस्त्यावर मांजा, पोरं, पडलेले पतंग, यायला वेळ लागला. आलो तर तिघं ओळीने बाकावर बसून बशीत चहा पीत होते. इंजिन जाग्यावर होतं. गिअरबॉक्स जाग्यावर होता. फक्त गिअरबॉक्सखालचा जॅक काढून बाजूला, नीट पुसून ठेवला होता, आणि बोल्ट अजून सगळे गोणपाटावरच होते.

“जॅक का काढला?”

“टेकनं ना आते,” लिंबायतचे काका म्हणाले.

बीम एकदा खोबणीत टेकला की टेकला. मग चहा प्यायला हरकत नसते. सगळा गिअरबॉक्स त्या एका दांड्यावर लोंबकळत होता. मी पटकन जॅक परत लावला, बोल्ट आवळले. एवढ्या वेळात काही झालं नसेल, असं मनाला समजावलं. आबा बाकावर मध्ये बसले होते आणि कितीतरी महिन्यांनी त्यांनी कडोदऱ्याच्या मालकाला एक सणसणीत शिवी हासडून विनोद सांगितला होता. त्या क्षणी मला क्लचप्लेटीशी वाद घालायचा नव्हता.

वासी उत्तरायणाला उरलेलं सगळं जोडलं. पाण्याचे पाइप, वायरी, कार्बोरेटर. आबांनी प्रत्येक नट माझ्यानंतर एकदा स्वतः आवळून पाहिला. दुपारी डॉक्टरसाहेब आले, बायको बरोबर, आणि मडकंभर उंधियु, कंदांची ती संक्रांतीची सुरती भाजी. दोघं कुठल्याशा लग्नाला आल्यासारखे नटलेले. माझ्या बायकोने इंजिनाला हळदकुंकू लावलं, काकांनी नारळ फोडला, आणि मी सेल्फ मारला.

पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा एक खोकला. तिसऱ्यांदा ते पेटलं, आणि काय पेटलं! अख्खी गाडी थरथरून उभी राहिली. नेमका त्याच वेळी वरच्या गच्चीवर कोणाचा तरी पतंग कापला गेला आणि सगळी गल्ली ओरडली. डॉक्टरांना वाटलं आरोळी आपल्यासाठीच, त्यांनी वर बघून हात जोडले.

“मजा पडी गई!” ते म्हणाले आणि त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली.

आबांनी बोनेटवर पंजा टेकवला आणि तसेच उभे राहिले. मी मनात म्हटलं, बघा, आता तरी म्हणा की इथे काम आहे. पण ते दुसरंच बोलले.

“झायं मनं काम,” ते म्हणाले. “आते जावाले मोकळा.”

मला रडूच यायचं बाकी होतं. त्यांना थांबवायला मी हे सगळं मांडलं होतं, आणि काम झाल्यावर ते जाणार ते समाधानाने, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जाताना माणूस तोंड पाडून गेला तर त्याला अडवता येतं. हसत निघालेल्याला काय सांगणार?

डॉक्टर शेजारच्या सीटवर बसले. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकायला गेलो.

कर्रर्रर्र.

परत दाबला, तळापर्यंत. परत कर्रर्रर्र. इंजिन बंद केलं, गिअर लोण्यासारखा पडला. चालू केलं, परत तेच दात खाणं. खाली घुसून क्लच आवळून पाहिला, सैल करून पाहिला. काही उपयोग नाही. पायाने दाबूनही प्लेट सुटत नव्हती, आणि ती का सुटत नव्हती हे मला चांगलं ठाऊक होतं. मी हात पुसत बाहेर आलो. आबांना हे कसं सांगू? जो माणूस कानांमुळे घरी बसला, त्याला त्याच्या हातांबद्दल सांगायचं?

सांगावं लागलं नाही. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलायच्या आधीच त्यांनी वाचलं.

“प्लेट वाकनी?”

मी मान हलवली.

“दांडावर लटकनं, म्हनीसन?”

परत मान हलवली. लिंबायतचे काका आपल्या चपलांकडे बघू लागले. कडोदऱ्याच्या काकांना अचानक उंधियुची आठवण झाली. डॉक्टरांना अहिराणी कळत नव्हती, पण चेहरे सगळ्या भाषांत सारखेच पडतात. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“कंई वांधो नथी,” ते म्हणाले. “निरांते.”

आबा जागचे हलले नाहीत. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग त्यांनी विचारलं, “परत काढाले कितला दिन लागतीन?”

माझं नशीब की मी त्यांच्या समोर उभा होतो. मी एकेक शब्द सावकाश, ओठ नीट उघडून म्हणालो. “तुम्ही ऱ्हायनात ते आठ-दहा दिन. नही ऱ्हायनात ते होळी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलतोय हे त्यांना कळलं का, मला आजही माहीत नाही. बहुधा कळलं असावं, जॉबर होते ते. ते मडक्याकडे गेले आणि उंधियु वाढून घेतलं, कंद तेवढे निवडून.

संध्याकाळी सगळे गेले. बायकोने आबांसाठी दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाच्या दशम्या केल्या, मला न विचारता. त्यांची पेटी दाराशी होती तशीच होती. थांबा म्हणायची माझी सगळी बोलणी त्या ‘आठ-दहा दिन’ म्हणण्यातच संपली होती.

सकाळी उठलो तो पॅसेंजरची वेळ टळून गेलेली. धावत बाहेर आलो. आबा भिंतीशी पाठमोरे उभे होते, तोंडाला फेस, हातात वस्तरा. आरसा खिळ्यावर होता. पेटीवर झाकलेल्या दशम्यांतल्या दोन कमी झाल्या होत्या.

मी काही म्हणायच्या आत त्यांना मी आरशात दिसलो.

“देखी काय ऱ्हायना? चेनकुप्पी बांध,” ते ओरडले. “या टाइमले तिरपं करसूत. तुना कागद बी आन.”

मी वळलो.

“आनि ऐक,” आबा म्हणाले. “माले आते बसा म्हनू नको.”